बिनवासाचा स्वेटर

ॲलर्जी नावाच्या प्रकारावर माझा विश्वास नाही. म्हणजे नव्हता. पण गोष्टीची सुरुवात माणसाने ताठ मानेने करावी, म्हणून पहिलं वाक्य होतं तसंच ठेवतो.

माझं म्हणणं सरळ होतं. काही माणसांचं लहानपणी पुरेसं कौतुक झालेलं नसतं, ती मोठेपणी शिंकतात. एक शिंक दिली की चार जण विचारतात, "काय झालं?" मग रुमालाआडून पाणावल्या डोळ्यांनी सांगायचं, "धुळीची ॲलर्जी आहे हो मला." जणू बाकीच्यांच्या घरी धूळ गाळून येते. आम्हीही तीच धूळ खातो. आम्ही कधी चौघांना सांगत फिरलो?

आणि हे बोलायचा मला अधिकार होता, कारण मी नाकावर पोट भरतो. आमच्या साबणाच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक थंडगार खोली आहे. तिला सगळे वासघर म्हणतात. लांबलचक टेबल, त्यावर काचेच्या बाटल्या. टीपकागदाची बोटभर पट्टी बाटलीत बुडवायची, झटकायची, नाकाखालून फिरवायची आणि चिठ्ठीवर लिहायचं: वास कशाचा, किती टिकेल, आणि अंगाला लावणाऱ्याला तो सहन होईल का. खाली दोनशे माणसं कढया ढवळतात, वड्या कापतात, खोकी भरतात. पण वर आम्ही तिघांनी मान हलवल्याशिवाय एक वडी दाराबाहेर पडत नाही.

तिघं म्हणजे बाई, मी आणि रुमाल.

बाई आमच्या प्रमुख. तीस वर्षं वास घेऊन घेऊन त्यांचा चेहरा असा झालाय, की त्या नुसत्या बघतात तरी आपल्याला आंघोळ करून यावंसं वाटतं. रुमाल माझ्याच वयाची, माझ्याच दिवशी कामाला लागलेली. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, ते वापरायची मला कधी गरज पडली नाही. पहिल्या दिवसापासून तिच्या हातात रुमाल, तीच तिची ओळख. वासघरात शिंकणारं माणूस ठेवणं म्हणजे तिजोरीवर झोपाळू पहारेकरी बसवणं. सकाळी आली की पर्समधून एक छोटी फवाऱ्याची बाटली काढायची, दोन्ही नाकपुड्यांत एकेकदा दाबायची, आणि मग दिवसभर तरीही शिंकायचीच. पहिल्या वर्षी तिने मला विचारलं होतं, "मी टेबलाच्या त्या टोकाला बसले तर चालेल?"

"बस की," मी म्हणालो. "नाजूकपणा तिकडेही तुझ्याबरोबर येईल."

ती गेली नाही. बाईंनीच जाऊ दिलं नाही, कारण त्या टोकाला बाटल्यांचं कपाट होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. पंधरा-वीस वास घेतले की नाक गोंधळतं. गुलाबात चंदन येतं, चंदनात रॉकेल येतं. अशा वेळी नाक शून्यावर आणावं लागतं. त्यासाठी हात दुमडायचा, आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसायचं आणि दोन खोल श्वास घ्यायचे. आपल्या कातडीचा वास आपल्याला इतका सवयीचा असतो, की नाक तो मोजतच नाही. दिवसातून चाळीसदा तरी हे करावं लागतं. दारातून बघणाऱ्याला वाटतं, तीन शहाणीसुरती माणसं कोपरात तोंड लपवून रडताहेत. एकदा विमा विकायला आलेला माणूस दारातूनच "फार वाईट झालं" म्हणून परत गेला.

वासघर थंड ठेवतात, उकाड्यात वास उडून जातात म्हणून. बाई आणि रुमाल बाह्या वर सारून कोपर हुंगायच्या. मला थंडी वाजते. मी मामांचा लोकरी स्वेटर घालायचो आणि लोकरीवरूनच हुंगायचो. मामा गेले तेव्हा बाकीच्या भाच्यांनी घड्याळ, सायकल, कॅमेरा असं काय काय उचललं. मी उशिरा पोचलो, माझ्या वाट्याला स्वेटर आला. जाड, मातकट रंगाचा आणि इतका ऐसपैस, की मी आत वळलो तरी तो समोरच बघत राहायचा.

तो स्वेटर मी कधीही धुतला नाही.

हसू नका, यात शास्त्र होतं. कारखाना आम्हाला कपडे धुवायला बिनवासाचा साबण देतो. पण बिनवासाच्या साबणालाही वास असतो, सामान्य नाकाला तो येत नाही इतकंच. एकदा का तो लोकरीत शिरला, की माझा शून्य बिघडला. म्हणून मामांच्या खुंटीवरून निघाल्यापासून तीन वर्षं त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. अख्ख्या कारखान्यात साबण न लागलेली ती एकच वस्तू होती, आणि मला तिचा अभिमान होता. रात्री मी तो घरी न्यायचो. मी ताई आणि भावजींकडे राहतो. ताई उशांचे अभ्रे गुलाबाच्या साबणाने धुते, आणि माझ्यासारख्या नाकाने रात्रभर गुलाबात तोंड घालून झोपणं म्हणजे गवयाने लग्नाच्या बँडमध्ये झोपण्यासारखं. म्हणून स्वेटरची घडी करून मी तीच उशाला घ्यायचो.

"हा माझा शून्य आहे," मी ताईला समजावलं.

"शून्य कसला, पोतं आहे ते," ताई म्हणाली. "दे इकडे, धुऊन टाकते."

सामान्य माणसांशी वाद घालू नये, म्हणून मी स्वेटर बगलेत मारून निघून गेलो.

तर अशा या थोर परिस्थितीत एका गुरुवारी बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. खुर्ची एक आहे, नाकं दोन. आजपासून पाच आठवड्यांनी, गुरुवारीच, बारा पट्ट्या ठेवीन. जास्त ओळखेल तो खुर्चीवर बसेल."

"आणि दुसरा?" रुमालने विचारलं.

"दुसऱ्याने बारापैकी सात ओळखले तर इथेच राहील. नाही ओळखले तर खाली पॅकिंगला जाईल. तिथे हात कमी पडताहेत."

बाईंची ती खुर्ची उंच पाठीची, खिडकीजवळची आणि गोल फिरणारी. तिच्यावर बसून बाई अर्धवट वळून "परत आणा" म्हणायच्या, आणि खाली टनभर साबण परत कढईत जायचा. माणसाला आयुष्यात आणखी काय हवं असतं? मी घरी जाऊन जाहीर केलं, "खुर्ची मिळाली."

"समोर कोण आहे?" भावजींनी विचारलं.

"रुमाल."

"म्हणजे बिनविरोध," भावजी म्हणाले. ताईने त्याच संध्याकाळी जिन्यातल्या चार घरांत सांगून टाकलं.

आणि माझं डोकं दुखायला लागलं.

साधंसुधं नाही. भुवयांच्या बरोबर वर कोणीतरी रोज सकाळी सातला दुकान उघडून हातोडी घेऊन बसायचं. खाली वाकलं की दुकानात गर्दी वाढायची. ताई म्हणाली, "अरे शहाण्या, तुझं नाक चोंदलंय. तोंड उघडं टाकून फिरतोयस दिवसभर."

"माझं नाक चोंदत नाही," मी म्हणालो. "ते स्पर्धेआधी विश्रांती घेतंय. डोकं दुखतंय ते डोळ्यांमुळे."

चष्मेवाल्याने दहा वेळा भिंगं बदलली आणि म्हणाला, "नंबर नाहीच तुम्हाला."

"असेल तेवढा द्या," मी म्हणालो.

त्याने नुसत्या काचांचा चष्मा दिला. चेहरा विचारवंतासारखा झाला आणि डोकं दुखतच राहिलं. आता चष्म्याच्या वजनाने नाकही दुखायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात भावजी लाल डोळे घेऊन नाश्त्याला आले. "मेहुणेबुवा, रात्री कपाट हलवत होता का?"

"मी? मी तर झोपलो होतो."

"कपाट हलवता हलवता?"

"मी घोरत नाही, भावजी. घोरतात ती सुस्त माणसं."

भावजींनी मोबाईल टेबलावर ठेवून आवाज चालू केला. आधी लाकडाच्या वखारीसारखा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग कोणीतरी रिकामी बादली विहिरीच्या काठावरून ओढत नेल्यासारखं.

"शेजाऱ्यांचा पंप आहे हा," मी म्हणालो.

"पंप मध्येच 'मी पॅकिंगला जाणार नाही' असं म्हणतो का?"

मी कप उचलून गच्चीवर गेलो. कोरड्या पडलेल्या घशातून चहा खाली उतरताना खरवडत गेला, आणि त्याच्यामागून खोकला वर आला. खोकल्यासाठी मी लाल बाटली आणली. डोकेदुखीची गोळी होतीच. झोपेसाठी पाय कोमट पाण्यात बुडवून बसायला सुरुवात केली. प्रत्येक दुखण्याचा मी वेगळा बंदोबस्त केला होता, कारण मी पद्धतशीर माणूस आहे. कशाचा कशाशी संबंध जोडत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम.

पण रात्री झोप नाही म्हटल्यावर दिवसा ती उधारी वसूल करायला यायचीच. एका दुपारी मी नाक शून्यावर आणायला कोपरात डोकं घातलं ते वर काढलंच नाही. जाग आली तेव्हा बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या गालाला चिकटलेली पट्टी सोलून काढली, नाकाखालून फिरवली आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "लॅव्हेंडर. आणि लाळ."

रुमाल खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. शिंक असावी, असं मी ठरवलं.

"तू एकदा नाक दाखव ना कोणाला तरी," संध्याकाळी जिन्यात ती मला म्हणाली. "मलाही आधी असंच सगळं..."

"तुझी गोष्ट वेगळी," मी म्हणालो. "तुला ॲलर्जी आहे. मला फक्त डोकं, घसा, खोकला आणि झोप आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, तीनदा शिंकली आणि निघून गेली. प्रतिस्पर्ध्याचं मन खच्ची करण्याच्या या पद्धती मला माहीत आहेत.

तिसऱ्या आठवड्यात दात सुरू झाले. वरच्या डाव्या बाजूच्या दाढा. चालताना प्रत्येक पावलाला त्या ठणकायच्या, जणू पाय आणि दाढा एकाच पट्ट्याने बांधल्या होत्या. दातांच्या डॉक्टरने बारीक हातोडीने एकेक दात वाजवला, फोटो काढला, तो उजेडात धरला.

"दाढा ठणठणीत आहेत."

"दुखताहेत."

"दुखताहेत, पण ठणठणीत आहेत. वर गालाच्या हाडात एक पोकळी असते, ती भरलीय. समजा तुमच्या घराचं छत गळतंय. तुम्ही खालच्या मजल्यावरच्या माणसाला मारायला निघालात. नाकाच्या डॉक्टरकडे जा."

"तुम्ही एक काढून तर बघा. फरक पडला तर पुढचं ठरवू."

डॉक्टरने हातमोजे काढले. "निरोगी दात उपटायला मी काय न्हाव्याकडे शिकलोय? ऊठ." एवढ्या शिकलेल्या माणसाला मी अहोजाहो करत होतो आणि तो मला एकदम अरेतुरेवर आणत होता. मी डावीकडून चावणं बंद केलं आणि त्याच्याबद्दल चार घरांत वाईट बोललो.

चौथ्या आठवड्यात कान बंद झाले. डोक्यावर हंडा पालथा घातल्यासारखं. कानात थेंब घातले, फरक नाही. बोललेलं ऐकू यायचं, पण सगळं जग चादरीखालून बोलत होतं. आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून वर्तमानपत्र वाचत असताना ताई आंघोळीहून धावत आली आणि तिने माझ्या शेजारचा गॅस बंद केला. पातेल्यात दुधाच्या जागी डांबर होतं. खोली धुराने भरली होती. मी खेळाचं पान वाचत होतो.

"शेजारी बसून तुला जळकं येत नाही?" ताई ओरडली असावी. मला मात्र ती गोड आवाजात विचारतेय असं वाटलं.

मी पातेल्यात तोंड घातलं. काही नाही. फिनेलच्या बाटलीत घातलं. काही नाही. कांदा फोडला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक मात्र परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं गप्प. मला धरून चार माणसांना घाम फुटेल एवढा घाम एकट्या मला फुटला. परीक्षा सहा दिवसांवर होती.

कामावर गेल्या गेल्या मी जिन्यात जाऊन भावजींना फोन लावला. आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. तरी खबरदारी म्हणून तोंडावर हात धरून कानात कुजबुजावं तसं म्हणालो, "भावजी, कोणाला सांगू नका. मला कसलाच वास येत नाहीये."

भावजींनी बहुतेक फोन कानापासून लांब धरला. मग लांबून त्यांचा आवाज आला, "मग आता?"

"रुमाल पहिली जाणार आहे. तिचा चेहरा काचेसारखा आहे, आत काय चाललंय ते सगळं दिसतं. ती पट्टी हुंगेल तेव्हा मी तिचा चेहरा वाचीन आणि तसं लिहीन."

"नाकाच्या डॉक्टरकडे गेलात तर?"

"आणि डॉक्टरने लिहून दिलं नाक गेलंय म्हणून, तर? सरळ पॅकिंग! गुप्तता महत्त्वाची आहे, भावजी."

फोन ठेवून वळलो तर खालच्या मजल्यावर कढया ढवळणारे दोघं ढवळणं थांबवून वर बघत होते. चष्म्यामुळे मी भारदस्त दिसायला लागलो होतो, हे माझ्या लक्षात आलंच होतं.

गुरुवार उजाडला. टेबलावर बारा बाटल्या, आकड्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. बाई खुर्चीवर. रुमाल एका बाजूला, मी समोर, गळ्यापर्यंत स्वेटर. रोजच्यापेक्षा दार जास्त उघडं होतं आणि बाहेर कढईवाले, वडीकापे आणि पॅकिंगचा मुकादम कसलं तरी काम काढून उभे होते. माझ्या विजयाला साक्षीदार असलेले बरे, म्हणून मी हरकत घेतली नाही.

पहिली पट्टी. रुमालने हुंगली. भुवया वर, ओठांवर हलकं हसू. मी लिहिलं: गुलाब. दुसरीला तिने डोळे मिटून मान कलती केली. चंदन. तिसरीला नाक आक्रसलं. कडुनिंब. हे इतकं सोपं होतं, की लोक उगाच नाकं का बाळगतात असा मला प्रश्न पडला. मधूनमधून दिखाव्यासाठी मी कोपरात नाक घालून दोन खोल श्वास ओढायचो. त्याबरोबर समोर रुमाल शिंकायची. मी ओढला श्वास, ती शिंकली. पुन्हा ओढला, पुन्हा शिंकली. आमच्यात जणू तार जोडलेली होती.

सातव्या पट्टीला तिचा चेहरा उजळून निघाला. मी "पहाटेची जाई" असं लिहून खाली रेघही मारली. नवव्या पट्टीला तर कमालच झाली. तिने पट्टी नाकाजवळ नेली, छातीवर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. असा चेहरा माणूस खूप वर्षांनी घरी आल्यावर करतो. दारातल्या सगळ्यांनी का कोण जाणे एकदम तोंडावर हात ठेवले. भारावले असणार.

"नऊ नंबर," बाई मला म्हणाल्या. "हा जरा तोंडी सांगा. सविस्तर."

मी पट्टी घेतली. नाकाखाली धरून डोळे मिटले. सावकाश, पोटापासून श्वास ओढला. दारात कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं.

"बाई," मी डोळे न उघडता म्हणालो, "नुकत्याच न्हालेल्या तान्ह्या बाळाच्या मानेचा वास आहे हा. त्यात थोडी साय. आणि शेवटी, अगदी शेवटी, मोगऱ्याची आठवण. हा मी रोज अंगाला लावीन. तोंडालाही लावीन."

खोलीत अशी शांतता झाली, की माझ्या बंद कानांनाही ती ऐकू आली.

"ही चरबी आहे," बाई म्हणाल्या. "पाच दिवस गच्चीवर उन्हात ठेवलेली. सकाळी बाटली उघडली तेव्हा फाटकावरचा पहारेकरी विचारायला वर आला होता, काय मेलंय म्हणून. आणि सात नंबरची तुमची जाई म्हणजे नळाचं पाणी."

मी डोळे उघडले. रुमाल डोळे पुसत होती. आता हसण्याने.

"तुम्ही ठरवून केलंत हे," मी म्हणालो.

"अहो, तुम्हीच सांगितलंत करायला," बाई म्हणाल्या. "जिन्यात उभं राहून. तुम्ही कुजबुजलात ते पॅकिंगमध्ये ऐकू गेलं. मला तर वाटलं कारखान्याच्या कर्ण्यावरून घोषणा झाली."

"दोनदा ऐकलं आम्ही," मुकादम दारातून म्हणाला. "एकदा सरळ, एकदा प्रतिध्वनी."

बंद कान आतून बंद असतात, बाहेरच्यांचे उघडेच राहतात, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

रुमाल माझ्याजवळ आली. माझी बाही तिने दोन बोटांनी, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी उचलली आणि हळूच झटकली. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. त्या तिरिपेत माझ्या कोपरातून एक ढग निघाला. बारीक, सोनेरी, संथ फिरणारा. सगळे मागे सरले. रुमाल सहा वेळा शिंकली.

"तीन वर्षं," ती नाक पुसत म्हणाली, "तू हात दुमडलास की मी शिंकते. रविवारी नाही, सुट्टीत नाही, तू रजेवर असलास की नाही. मला धुळीची ॲलर्जी आहे हे खरं. पण धूळ तू घालून येतोस."

मी पॅकिंगला गेलो. बारापैकी दोन बरोबर आले होते, गुलाब आणि चंदन. तेही तिने दयेपोटी खरे चेहरे केले म्हणून.

जाताना बाईंनी अट घातली: आधी डॉक्टर. नाक-कान-घशाच्या डॉक्टरने माझी फाईल पाहिली. चष्मा, लाल बाटली, कानातले थेंब, दाढेचा फोटो.

"एवढं फिरलात," तो म्हणाला, "नाकाला कुठे नेलंत नाही?"

"नाकाला काही झालं नव्हतं."

त्याने माझ्या हातावर बारा थेंब टाकून सुईने टोचलं. पुन्हा बारा, मला राग आला. अकरा ठिकाणी काही नाही. एका ठिकाणी पुरी फुगावी तसा हात फुगला.

"धुळीतले किडे," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाहीत. लोकरीत, गादीत, उशीत राहतात, माणसाच्या कातडीचा कोंडा खातात. आपण त्यांची घाण श्वासातून आत घेतो." मग त्याने चिठ्ठीच्या मागे नाकाचं चित्र काढलं आणि त्यातून नळ फुटावेत तशा रेघा ओढल्या. "आतून नाक सुजलं. कपाळाच्या पोकळीचं तोंड बंद झालं, डोकं दुखलं. गालाची पोकळी तुंबली, दाढा ठणकल्या. कानाची नळी बंद झाली, कान गेले. नाकाने श्वास मिळेना म्हणून तोंड उघडं, म्हणून घोरणं, म्हणून झोप नाही. मागून घशात गळलं, म्हणून खोकला. तुम्हाला सहा आजार नव्हते. एकच होता, तो सहा खोल्यांतून फिरत होता."

"आणि तो आला कुठून?"

"तेच तर मी विचारतोय. उशी जुनी आहे का? रोज नाकाजवळ काही लोकरी असतं का?"

मी सांगितलं. चाळीसदा हुंगायचो ते सांगितलं. रात्री उशाला घ्यायचो ते सांगितलं. तीन वर्षं न धुतल्याचं सांगितलं तेव्हा तो उठला आणि त्याने खिडकी उघडली. मग थोडा वेळ तो आपल्याच कोपरात डोकं घालून बसला. तो नाक शून्यावर आणत नव्हता.

त्याने रुमालकडे असते तीच फवाऱ्याची बाटली लिहून दिली आणि स्वेटर कढत पाण्यात धुवायला सांगितला. ताईने त्या संधीची तीन वर्षं वाट पाहिली होती. तिने तो उकळत्या पाण्यात, गुलाबाच्या साबणात, दोनदा घातला. पाणी पहिल्यांदा मातकट झालं, दुसऱ्यांदा काळं, आणि स्वेटर बाहेर आला तो आठ वर्षांच्या मुलाचा होऊन. मामा एवढे लहान कधीच नव्हते.

डोकं आठवड्यात उतरलं. दाढा गप्प बसल्या. कान उघडले तेव्हा कळलं, मी महिनाभर बायकोशी भांडणाऱ्या माणसासारखा ओरडून बोलत होतो, आणि मला बायकोही नाही. भावजींनी मोबाईलमधला पंप मात्र जपून ठेवलाय. पाहुण्यांना ऐकवतात. वास यायला दीड महिना लागला. एका सकाळी खोकं बंद करताना गुलाब आला, बारीकसा, लांबून. मी खोक्यावर डोकं टेकून बसलो. मुकादम म्हणाला, "झोपलास?" मी पुढचं खोकं ओढलं, आधी हुंगलं, मग बंद केलं.

दोन महिन्यांनी बाईंच्या खुर्चीवरून निरोप आला. आता तिथे रुमाल बसते. तिला एक माणूस हवा होता, बाटल्या धुवायला आणि पट्ट्या कापायला. "नाक कसं आहे?" तिने विचारलं. "ठीक," मी म्हणालो. "कुजबुजून दाखव," ती म्हणाली. मी कुजबुजलो. पॅकिंगमध्ये ऐकू गेलं नाही. मला ठेवून घेतलं.

स्वेटरचं ताई पायपुसणं करणार होती. मी तो वासघरात नेला, का ते मलाही माहीत नाही. रुमालने तो उलटापालटा केला, हुंगला, थांबली. शिंक आली नाही. मग तिने तो खुर्चीच्या पाठीला चढवून पाहिला. बेतून शिवल्यासारखा बसला. तर ठरवल्याप्रमाणे खुर्ची शेवटी आमच्याचकडे आली, फक्त तिच्यावर माझ्याऐवजी स्वेटर बसला.

ती जेवायला गेली की मी कधी कधी खुर्चीजवळ जातो आणि सवयीने त्याचं कोपर हुंगतो. ताईच्या साबणाचा गुलाब कधीच उडून गेलाय, काही वास येत नाही. अगदी शून्य. पूर्वी या शून्याचा मला अभिमान वाटायचा, आता शंका येते, नाक पुन्हा गेलं की काय. मग मी घाईघाईने कपाट उघडतो, नऊ नंबरची बाटली काढतो, झाकण फिरवतो आणि त्या उन्हात सडलेल्या चरबीचा पोटभर वास घेतो. उलटी आली, की हायसं वाटतं.